मनीचें सुख कोणतें?

गेल्या अंकाच्या शेवटीं आम्हीं वाचकांस असें आश्वासन दिलें होतें कीं, या महिन्यांत लहान मुलांच्या पाठांतराविषयीं चार शब्द लिहूं. तें आश्वासन एक महिना पुढें ढकलण्याची परवानगी आज मागत आहों. आमच्या घरांत कार्तिकापासून एकाच विषयाचा खल चालला आहे, आणि तो एकदां कागदावर उतरल्यावांचून दुसरीकडे मन वळेल असें दिसत नाहीं. विषय दिसावयास क्षुल्लक आहे. आमच्या घरीं मनी नांवाची एक मांजरी आहे; तिचें सुख कशांत आहे, एवढाच तो प्रश्न. परंतु या प्रश्नाचें उत्तर आम्हीं दोन वर्षांहून अधिक काळ चुकीचें दिलें आणि त्या चुकीची किंमत त्या मुक्या जिवानें भरली, म्हणून तो येथें मांडावासा वाटला.

मनी आमच्या घरीं आली ती श्रावणाच्या झडींत. मांजर आपलीं पिलें सात घरें फिरवितें असें म्हणतात. त्यांत आमचें घर कितवें होतें कोण जाणे. पण तिची आई तीन पिलें घेऊन आमच्या परसांतील लाकडांच्या खोपींत उतरली आणि जातांना दोनच घेऊन गेली. तिसरें भिजून कुडकुडत, एवढ्याशा तोंडानें एवढा मोठा आक्रोश करीत आमच्या धाकट्या नातीच्या ओंजळींत येऊन पोहोंचलें. शरणागतीचे दोन न्याय आमच्याकडे प्रसिद्ध आहेत. माकडाचें पिलूं आईला आपण होऊन घट्ट धरितें. मांजराच्या पिलाला आई तोंडांत धरून नेते. भक्तानें यांपैकीं कोणासारखें असावें, यावरून दक्षिणेंतील वैष्णवांत दोन पंथ पडले आहेत. मनीला तर तिच्या आईनेंच सोडलें होतें. तेव्हां तोंडांत धरून नेण्याचा भार आमच्या कुटुंबावर आला.

तो भार आम्हीं हौसेनें उचलला. प्रथम कापसाच्या बोळ्यानें दूध पाजलें, पुढें दूधभात सुरू झाला. सूनबाईंनीं वेताच्या टोपलींत जुन्या रजईची गादी शिवली. थोरल्या नातवानें गळ्यांत लाल गोफ आणि त्याला घुंगरूं बांधलें. दर शनिवारीं शिकेकाईच्या पाण्यानें तिला न्हाऊं घालण्याचा कार्यक्रम होई आणि त्यांत दोन माणसांचे हात ओरखडले जात. सणावारीं तिच्या करवंटींत शिरा, बासुंदी, श्रीखंड यांचा नैवेद्य पडे. ती गोडाला नाक लावून बाजूला होई, तेव्हां ‘काय हा निर्लोभीपणा!’ म्हणून आम्ही तिचें कौतुक करीत असूं. मांजराच्या जिभेला गोड चव कळतच नाहीं, ती चव ओळखणारा एक जनुकच त्याच्या जातींत निकामी झालेला आहे, हें अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं २००५ सालीं दाखवून दिलें आहे. आमच्या मनीचा निर्लोभीपणा तेवढाच होता.

सूनबाईंच्या टोपलींत ती एकही रात्र निजली नाहीं. माजघरांत स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून एक कोपरा आहे. भिंतीपलीकडे चूल असल्यामुळें तो पहाटेपर्यंत उबदार असतो. तेथें आमच्या वडील भगिनी, ज्यांना सारें घर आक्का म्हणतें, आज कित्येक वर्षें निजत असत. मनी त्यांच्या घोंगडीच्या कडेला जाऊन मुटकुळें करी. पुढें आम्हीं आक्कांचीही सोय लावली. माजघरांत उजेड कमी, वारा नाहीं, रात्रीं येणाऱ्याजाणाऱ्यांचा उपद्रव. म्हणून माडीवरची पूर्वेची खोली त्यांच्यासाठीं झाडून, चुना लावून, तींत नवी खाट टाकून दिली. आक्का कांहीं बोलल्या नाहींत. मनी मात्र माडीवर गेली नाहीं. ती त्याच कोपऱ्यांत, आतां घोंगडीवांचून, निजत राहिली. तिच्या या हट्टाला आम्ही हंसलों.

आतां मूळ अपराधाकडे येतों. मनी साधारण आठ महिन्यांची असतांना एके सकाळीं तिनें परसांतून एक उंदीर तोंडांत धरून आणला आणि नेमका देवघराच्या उंबऱ्यावर ठेवला. त्या दिवशीं एकादशी होती. घरांत जो हाहाकार झाला त्याचें वर्णन करीत नाहीं. चिमट्यानें उंदीर बाहेर गेला, उंबरा धुतला गेला, गोमूत्र शिंपडलें गेलें. आणि संध्याकाळच्या आंत परसाच्या दाराला व खालच्या खिडक्यांना बारीक जाळी बसविण्यांत आली. त्या दिवसापासून मनीचें जग ओटीपासून मागच्या पडवीपर्यंत झालें, आणि तिचें अन्न म्हणजे दूध, भात, साय आणि क्वचित् तुपाची बेरी. ओटीवर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यास आम्ही मोठ्या अभिमानानें सांगूं लागलों, “आमची मनी पक्की शाकाहारी आहे. घराचे संस्कार!”

हें सांगतांना आम्हांला हितोपदेश आठवूं नये, हें आश्चर्य होय. त्यांतील दीर्घकर्ण नांवाचा बोका, आपण गंगातीरीं चांद्रायण व्रत आचरीत आहों असें सांगून आंधळ्या गिधाडाचा विश्वास संपादन करतो आणि झाडावरचीं पिलें खातो. मामल्लपुरम् येथील सातव्या शतकांतील प्रचंड शिलाशिल्पांत दोन्ही हात वर करून तप करणारें मांजर कोरलेलें आहे आणि त्याच्या पायांशीं उंदीर आहेत. मनुस्मृतींत ढोंगी माणसाला ‘बैडालव्रतिक’ असा शब्दच आहे. आमच्या पूर्वजांना मांजर चांगलें ठाऊक होतें. मांजर व्रत करीत नाहीं आणि केलेंच तर तें ढोंग होय, हें ते जाणून होते. आमच्या घरीं व्रत मनीचें होतें आणि ढोंग आमचें होतें, एवढाच काय तो फरक.

तिचें पोट वारंवार बिघडे. आम्ही म्हणूं, नाजूक प्रकृति आहे. आणि पथ्य म्हणून भात कमी करून दूध वाढवूं. अंगावरची तकाकी गेली. ती पूर्वीसारखी खेळत नाहीं, असें धाकटी नात म्हणे. त्यावर आम्हीं तिला वयाचा परिणाम समजावून सांगितला. तेव्हां मनीचें वय दोन वर्षें होतें.

गेल्या कार्तिकांत एका संध्याकाळीं फडताळाच्या माथ्यावरून खिडकींत उडी घेतांना ती खिडकीच्या वीतभर अलीकडेच पडली. ज्या उडीचें माप तिला पाठ होतें, तीच चुकली. दोन दिवसांनीं सूनबाईंनीं पाट नेहमींच्या जागेवरून हलवून दाराशीं ठेवला होता, त्यावर तिनें जाऊन डोकें आपटलें. नातवानें तिला उन्हांत उचलून आणलें आणि म्हणाला, “आजोबा, हिचे डोळे बघा.” भर दुपारच्या उन्हांत मांजराची बाहुली सुपारीच्या कातरीसारखी बारीक व्हावयाची; मनीची बाहुली काळ्या मण्यासारखी वाटोळी, उघडी राहिली होती. त्या डोळ्यांत पाहतांना आमच्या पोटांत कालवलें.

तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यांत नवीन आलेला पशुवैद्य आमचाच जुना विद्यार्थी निघाला. सुटींत आम्ही ओटीवर मुलांकडून अमरकोश घोकवून घेत असूं, त्या घोळक्यांतला हा एक. त्यानें विजेरीच्या उजेडांत मनीचे डोळे पुष्कळ वेळ तपासले, छातीला नळी लावून ऐकलें, दांत व हिरड्या पाहिल्या. मग विचारलें, “गुरुजी, हिला खायला काय देतां?”

“दूधभात. आमची मनी मांसाला शिवत नाहीं.” संवयीनें आम्हीं तें वाक्य त्याच अभिमानानें म्हणून गेलों.

तो थोडा वेळ थांबला. मग अगदीं हळू आवाजांत म्हणाला, “गुरुजी, राग मानूं नका. अमरकोशांत मांजराला पांच नांवें आहेत. पांचवें तुम्हींच आमच्याकडून शंभर वेळां म्हणवून घेतलंत.”

पांचवें नांव ‘आखुभुक्’. आखु म्हणजे उंदीर. आखुभुक् म्हणजे उंदीर खाणारा. चाळीस वर्षें आम्हीं हा शब्द शिकविला, त्याचा विग्रह फळ्यावर लिहिला, त्याचीं रूपें चालवून दाखविलीं. पाणिनीच्या व्याकरणांत ज्यांचें वैर शाश्वत असतें त्यांचा समास एकवचनी होतो. त्याचें उदाहरण म्हणून ‘मार्जारमूषकम्’ हा शब्द पिढ्यान् पिढ्या देत आले आहेत, तो आम्हींही दिला. शब्द आमच्या जिभेवर होता आणि त्याचा अर्थ आमच्या दारांत करवंटीसमोर बसून उपाशी मरत होता.

पशुवैद्यानें जें समजावून सांगितलें त्याचें सार देतों, कारण आमच्यासारखीं घरें पुष्कळ असतील. टॉरीन नांवाचें एक द्रव्य आहे. १८२७ सालीं दोन जर्मन शास्त्रज्ञांना तें बैलाच्या पित्तांत प्रथम सांपडलें, म्हणून त्याला बैलाच्या लॅटिन नांवावरून हें नांव पडलें. मनुष्याचें शरीर तें दुसऱ्या अन्नद्रव्यांपासून स्वतः बनवितें. मांजराच्या शरीराला तें पुरेसें बनवितां येत नाहीं. शिवाय त्याच्या पित्तांतून तें रोज खर्च होत राहतें. उंदरांत, माशांत, मांसांत तें भरपूर असतें. भातांत तें नाहीं आणि गाईच्या दुधांत नांवापुरतें आहे. १९७५ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखविलें कीं, दुधांतील केसीन हेंच ज्यांना प्रथिन म्हणून मिळालें अशा मांजरांच्या डोळ्यांतील दृष्टिपटल टॉरीनच्या अभावीं झिजत जातें. १९८७ सालीं असें सिद्ध झालें कीं, त्याच अभावानें हृदयाचे स्नायूही ढिले पडतात. त्यानंतर मांजरांच्या तयार अन्नांत टॉरीनचें प्रमाण वाढविण्यांत आलें. गाजरापालेभाज्यांतील पिवळ्या द्रव्यापासून आपण अ जीवनसत्त्व बनवितों. मांजराला तेंही साधत नाहीं, तें त्याला प्राण्यांच्या अन्नांतूनच आयतें मिळावें लागतें. दुधाची गोष्ट तर अधिकच उलटी. आईचें दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांच्या पोटांतील दुग्धशर्करा पचविण्याची शक्ति कमी होते. म्हणजे ज्या नाजूक प्रकृतीवर आम्ही दुधाचा उतारा देत होतों, ती प्रकृति त्या दुधानेंच नाजूक केली होती.

“हृदय अजून ठीक आहे,” तो म्हणाला. “डोळ्यांचं जें गेलं तें परत येणार नाहीं. राहिलेलं टिकवतां येईल, मात्र आजपासून.”

मांजर डोळे मिटून दूध पितें, ही म्हण आम्हीं आजवर दुसऱ्यांना लावली. डोळे मिटून दूध पाजणारेही असतात, हें त्या दिवशीं घरीं येतांना कळलें. मनी पिशवींत स्वस्थ बसली होती.

रात्रीं जेवणानंतर माजघरांत सर्व मंडळी जमलीं. ब्राह्मणाच्या घरांत मांसान्न आणावें किंवा नाहीं, हा वाद हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. ज्यांच्या घरांत पिढ्यान् पिढ्या कांदालसूणही चातुर्मासांत आलेला नाहीं, त्यांनाच त्याचें वजन कळेल. सौभाग्यवतींचें म्हणणें, देवघर आणि सोवळें सांभाळून हें जमावयाचें कसें? चिरंजीव म्हणाले, मनीला भोईवाड्यांत कोणाच्या तरी हवालीं करावी. तेथें तिला मासे मिळतील आणि आपलें घरही राहील. सूनबाई म्हणाल्या, आंधळें होत चाललेलें जनावर नव्या घरीं ढकलणें म्हणजे रस्त्यावर टाकण्याजोगेंच आहे. सर्वांत कठीण प्रश्न थोरल्या नातवानें विचारला: “एका मांजरीसाठीं दुसरे जीव मरायचे, हें तरी बरोबर आहे का?” टॉरीन कारखान्यांत कृत्रिम रीतीनेंही तयार होतें, तेवढें औषधासारखें दूधभातांत घालतां येणार नाहीं का, असेंही त्यानें सुचविलें. पशुवैद्याला आम्हीं तें आधींच विचारलें होतें. तो म्हणाला होता कीं, एक खिळा ठोकल्यानें घर उभें राहत नाहीं. तिला लागणारीं द्रव्यें अनेक आहेत आणि तिची सारी शरीररचनाच मांसान्नासाठीं घडलेली आहे. नातवाच्या पहिल्या प्रश्नाला मात्र आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि आजही समाधानकारक असें नाहीं. जीवो जीवस्य जीवनम् असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण तो प्रश्न त्या मुलाच्या मनांत जागा राहिलेला बरा, असें आम्हांस वाटतें.

आम्ही स्वतः त्या बैठकींत फारसें बोललों नाहीं. खरें सांगावयाचें तर धर्मापेक्षां आम्हांला आमची एक फुशारकी सोडवत नव्हती.

निकाल आक्कांनीं दिला. वय शहात्तर, चारी एकादशा निर्जळी, सोवळ्याला कोणाची सावली खपत नाहीं. म्हणून त्यांचें मत आम्ही गृहीतच धरलें होतें आणि कोणी तें विचारलेंही नव्हतें. त्या जपाची माळ बाजूला ठेवून म्हणाल्या, “अरे, देवीच्या वाघाला कोणी एकादशी सांगतं का? तो गवत खात नाहीं म्हणून देवीनं त्याला दूर नाहीं केलं. तिचा धर्म तिला, आपला आपल्याला. पाप लागायचंच असेल तर तिला खाऊं घातल्याचं नाहीं लागणार. तिचे डोळे घालवल्याचं लागेल. आणि तें आतां लागलंच आहे.”

त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं.

व्यवस्था अशी ठरली. मागच्या पडवींत जुन्या रांजणाच्या पलीकडे मनीची जागा. ॲल्युमिनियमच्या दोन ताटल्या तिच्या स्वतंत्र, त्या परसांतील दगडावर स्वतंत्र घांसावयाच्या, स्वयंपाकघरांत आणावयाच्या नाहींत. मांजरांसाठीं तयार मिळणारें, टॉरीन घातलेलें पूर्ण अन्न पशुवैद्यानें लिहून दिलें तें आणावयाचें. वाढावयाचें कोणीं, हा प्रश्न आम्हीं कोणास विचारूं दिला नाहीं. सकाळीं स्नानापूर्वीं आणि सायंकाळीं संध्येपूर्वीं तें काम आम्हीं स्वतःकडे घेतलें. प्रायश्चित्त म्हणा, कीं दुसरें कांहीं म्हणा.

पहिल्या दिवशीं ताटली समोर ठेवली तेव्हां वासानेंच आम्हीं तोंड फिरविलें. मनीनें प्रथम वास घेतला, मान वर केली, पुन्हां वास घेतला. मग घशांतून एक बारीक गुरगुर ऐकूं आली, जशी आम्हीं तिच्या तोंडून कधीं ऐकली नव्हती, आणि ती खाऊं लागली. दूधभात ती चाटून जात असे. हें ती जेवत होती. ताटली लखलखीत झाल्यावर तिनें पंजा जिभेनें ओला करून बराच वेळ तोंड पुसलें. मार्जार शब्द ज्या मृज् धातूपासून साधतात त्याचा अर्थ पुसणें, स्वच्छ करणें असा आहे. तो अर्थ त्या सकाळीं आम्हीं पुस्तकाबाहेर प्रथमच पाहिला.

आज तीन महिने झाले. पोट बिघडणें थांबलें, अंगावर तकाकी आली. दृष्टि होती तेवढीच आहे. आणखी उतरलेली नाहीं, असें पशुवैद्य सांगतो. या तीन महिन्यांत तिच्या सुखासंबंधीं आम्हीं जें शिकलों त्यांतलें कांहीं वाचकांच्या उपयोगीं पडेल.

मंद दृष्टीचें मांजर मिशांनीं, कानांनीं आणि आठवणीनें घर चालतें. म्हणून पाट, पेट्या, खुर्च्या यांच्या जागा आम्हीं नेमून टाकल्या आहेत. अन्न, पाणी आणि मातीचें खोकें यांच्या जागाही बदलत नाहींत. खोकें जेवणाच्या जागेपासून लांब आणि रोज स्वच्छ केलेलें असावें; तें घाण राहिल्यास मांजर दुसरी जागा शोधतें आणि आपण त्यालाच दोष देतों. तिला उचलण्यापूर्वीं नांवानें हांक मारावी. खिडकीखालीं एक स्टूल कायमचें ठेवलें आहे. तिच्या दोन लहान उड्या होतात आणि खिडकी तिची तिला परत मिळाली आहे. गळ्यांतील घुंगरूं काढलें, कारण जिला कानांवर जगावयाचें तिच्या कानाशीं अहोरात्र वाजणारी वस्तु कशाला? शनिवारचें स्नान बंद झालें. निरोगी मांजराला त्याची जीभ पुरेशी आहे. नखें घांसण्यासाठीं पडवीच्या खांबाला गोणपाट गुंडाळलें. त्यामुळें आमची आरामखुर्चीही वांचली.

उबेविषयीं स्वतंत्र सांगितलें पाहिजे. मांजराच्या अंगाची उष्णता आपल्याहून अधिक, ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते; आणि शरीराला वेगळे श्रम न पडतां त्याला सुखानें राहतां येईल अशी हवा सुमारें ३० ते ३८ अंशांची. म्हणजे ज्या हवेंत आपण पंखा शोधतों तींत मांजर खुशाल असतें, आणि ज्या हवेला आपण आल्हाददायक म्हणतों तींत तें चूल शोधतें. वाईसारख्या कृष्णाकांठच्या गांवीं पौषांतल्या पहाटे मनी त्या भिंतीला कां चिकटून असे, याचें कारण हें. तिचा तो हट्ट नव्हता.

कांहीं गोष्टी घरांतल्या असूनही तिला विषासमान आहेत. कांदा आणि लसूण यांनीं मांजराच्या रक्तांतील तांबड्या पेशी नष्ट होतात. तापावर आपण सहज घेतों ती पॅरासिटॅमॉलची गोळी, तिचा तुकडाही मांजराचा जीव घेऊं शकतो. म्हणून माणसाचें औषध मांजरास कधींही देऊं नये. फिनेलसारख्या द्रव्यांनीं पुसलेल्या ओल्या फरशीवरून तें चाललें कीं पंजे चाटतें आणि तें पोटांत जातें. मनीच्या पडवींत आतां साधें पाणी वापरतों. रेबीजची लस तिला वेळच्या वेळीं टोंचून घ्यावी. आणि कोणत्याही अनोळखी जनावराचा दांत वा नख लागल्यास जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुऊन तडक डॉक्टरकडे जावें. हें मुलांनाही पाठ करवावें.

येथें लेख संपावयास हरकत नव्हती. पण मकरसंक्रांतीच्या दुसऱ्या दिवशींची एक गोष्ट राहिली आहे. पहाटे पडवींत जातांना आम्हीं पाहिलें कीं, माजघराच्या त्या कोपऱ्यांत मनीशेजारीं कोणी तरी बसलेलें आहे. आक्का होत्या. अंधारांत, भिंतीला पाठ लावून, गुडघ्यांवर शाल ओढून.

“इथें काय करतेस आक्का? वर झोंप नाहीं का येत?”

“येते कीं. पण पहाटे हाडं गारठतात. इथें भिंत गरम असते. चूल पेटली कीं कळतं, कोण उठलं तें कळतं.” थोडें थांबून त्या म्हणाल्या, “वर काय, वारा आहे आणि उजेड आहे. तुम्हीं एवढं केलंत, मग मी कशाला बोलूं?”

“तूं सांगितलं कां नाहींस?”

“मला विचारलं कोणीं?”

दीड वर्ष ही वृद्ध बाई आम्हीं दिलेल्या सुखांत गारठत होती. हवा, उजेड, नवी खाट, सारें आम्हांला आवडणारें आम्हीं तिला दिलें, आणि दिल्याचें समाधानही घेतलें. मनीला बोलतां येत नव्हतें, एवढी तरी सबब तिच्या बाबतींत आम्हांस होती.

त्याच दिवशीं खाट खालीं आली. ती उंच म्हणून आक्कांनीं ती नाकारली. घोंगडी पुरे म्हणाल्या, आणि या वेळीं आम्हीं वाद घातला नाहीं. आतां रात्रीं माजघरांतून जातांना त्या कोपऱ्यांत दोन मुटकुळीं दिसतात. मनीचें अन्न पडवींत, आक्कांचें सोवळें स्वयंपाकघरांत, आणि मधल्या भिंतीची ऊब दोघींची.

एकत्र कुटुंबांत दुसऱ्याची सोय पाहण्याचा आपणांस मोठा अभिमान असतो आणि तो अगदींच व्यर्थ नसतो. परंतु सोय करण्यापूर्वीं ज्याची ती करावयाची त्याची जात, वय, प्रकृति पहावी. तें बोलणारें असल्यास विचारावें, मुकें असल्यास तें आपण होऊन कोठें जाऊन निजतें, काय टाकतें, काय शोधतें, याकडे लक्ष द्यावें. आमच्या घरीं हें सगळें आम्हांला रोज दिसत होतें.

पुढील महिन्यांत मुलांच्या पाठांतराविषयीं नक्की लिहूं. त्या लेखाचें टिपण आश्विनांतच तयार होतें, आणि त्यांत पाठांतराचे फायदे सांगितलेले आहेत. ते खोटे नाहींत. पण आतां त्यांत एक परिच्छेद अधिक घालावा लागेल. अलमतिविस्तरेण.